आपोआप उतरणारा ताप कोण उतरवतं?

(शुक्रवारच्या आरोग्य कार्यक्रमात झालेलं भाषण, बोलल्याप्रमाणे)

कुणाची भाकरी अजून तव्यावर असेल, कुणी धारा काढून आत्ताच टेकली असेल. हातातलं काम चालू द्या, कान मात्र इकडे असू द्या.

मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हिशेब झाला, वह्या मिटल्या, चहा आला. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बाई, डॉक्टर म्हणतोय व्हायरल हाय, चार दिसांत आपोआप उतरंल. आता आपोआप म्हंजी कोण उतरवतंय?" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, बावीस वर्षं झाली, आणि इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारलेला नाही. तेव्हा माझी शेवटची एसटी चुकत होती म्हणून उत्तर अर्धवट राहिलं. ते आज पुरं करते.

व्हायरल ताप अनेक तऱ्हेचे असतात. आज एकच घेऊ, फ्लू. कागदावर त्याला इन्फ्लुएंझा लिहितात. ज्याला आपण स्वाइन फ्लू म्हणतो तोही त्याच घराण्यातला.

नाकापासून ते फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत आपल्या श्वासाच्या वाटेला आतून अस्तर असतं. हे अस्तर पेशींचं. जुन्या गावठाणात कशी भिंतीला भिंत लागून घरं असतात, तशा या पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या. काही पेशी चिकट शेंबूड बनवतात, काहींच्या डोक्यावर बारीक केस असतात. ते केस दिवसरात्र हलत राहतात आणि धूळ, जंतू चिकटलेला शेंबूड घशाकडे ढकलत राहतात. ही आपली रोजची झाडलोट. आपण झोपलो तरी ती चालूच असते.

कुणी शिंकलं, खोकलं, की त्या तुषारांतून फ्लूचा विषाणू या अस्तरावर येऊन पडतो. पेशींच्या अंगावर साखरेचे बारीक कण असतात. विषाणू त्या कणांना धरून लटकतो, आणि गंमत अशी, की पेशीच त्याला आत ओढून घेते. खायला काही आलं असावं असं तिला वाटतं म्हणा ना. आत गेला की हा पाहुणा आपलं गाठोडं सोडतो. गाठोड्यात आठ चिठ्ठ्या. त्या चिठ्ठ्यांवर लिहिलेलं असतं, माझ्यासारखे आणखी बनव. पेशीचा सगळा कारखाना त्या कामाला जुंपला जातो आणि आठ-दहा तासांत त्याच पेशीतून नवे विषाणू बाहेर पडायला लागतात. ते शेजारच्या घरांत शिरतात. असंच चालू राहिलं तर दोन दिवसांत अख्खी आळी गेली.

पण बहुतेक वेळा तसं होत नाही. का होत नाही, तिथेच आजींच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पेशीच्या आतही चिठ्ठ्या फिरत असतात, तिच्या स्वतःच्या कामाच्या. घरच्या प्रत्येक चिठ्ठीच्या तोंडाला एक टोपी असते. शास्त्रातही तिला टोपी असंच म्हणतात, हे काही मी तुमच्यासाठी सोपं केलेलं नाही. विषाणूच्या मूळ आठ चिठ्ठ्यांना ती टोपी नसते. तो इतका बिलंदर की घरच्या चिठ्ठ्यांच्या टोप्या कापून आपल्या काही नकलांना घालतो, पण मूळच्या आठ उघड्या बोडक्याच राहतात. पेशीत एक राखणदार रेणू फिरत असतो, त्याचं नाव रिग-आय. बिनटोपीची चिठ्ठी हाताला लागली की त्याला कळतं, घरात परकं कुणी शिरलंय.

मग पेशी हाळी देते. वस्तीवर चोर आला की पहिल्या घरातली बाई थाळी बडवते ना, तसंच. पेशीला तोंड नाही, म्हणून ती हाळी म्हणजे एक पदार्थ असतो. पेशी तो बनवून बाहेर सोडते. त्याचं नाव इंटरफेरॉन.

हे नाव १९५७ सालचं. लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि त्यांच्याकडे स्वित्झर्लंडहून आलेले जाँ लिंडनमन असे दोघं काम करत होते. त्यांनी कोंबडीच्या उबवणीच्या अंड्यातला पातळ पडदा घेतला आणि तापवून मारलेला फ्लूचा विषाणू त्यावर घातला. काही तासांनी त्या पडद्याभोवतीचं पाणी काढलं आणि दुसऱ्या ताज्या पडद्यावर टाकलं. मग त्या दुसऱ्या पडद्यावर जिवंत विषाणू सोडला, तर तो वाढेना. पहिल्या पडद्याने पाण्यात काहीतरी सोडलं होतं, आणि त्या पाण्यानेच दुसरा पडदा सावध झाला होता. विषाणूच्या कामात आड येतं म्हणून इंटरफिअर या शब्दावरून त्याला इंटरफेरॉन म्हटलं. जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांना १९५४ मध्येच असं काहीसं दिसलं होतं. नाव मात्र लंडनकरांचं टिकलं.

हाळी ऐकून शेजारच्या पेशी काय करतात? त्यांच्या अंगावर इंटरफेरॉन ओळखणारे कान असतात. हाळी कानावर पडली की निरोप आत, पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो आणि एरवी निजलेली शेकडो जनुकं एकदम जागी होतात. जनुक म्हणजे पेशीजवळची पाककृती म्हणा. प्रत्येकीतून एकेक हत्यार तयार होतं. एक हत्यार दाराशीच अडवतं, विषाणू आत आला तरी त्याचं गाठोडं सुटू देत नाही. एक त्याच्या चिठ्ठ्यांचे तुकडे करतं. एक हत्यार पेशीचा कारखानाच काही काळ बंद ठेवतं, म्हणजे चोराच्या हाती काही लागायला नको. आणि एम-एक्स नावाचं एक हत्यार विषाणूच्या तुकड्यांना वेढा घालून जागच्या जागी धरून ठेवतं. याचा माग त्याच लिंडनमन यांना १९६२ मध्ये लागला होता. उंदरांची एक जात फ्लू दिला तरी मरत नव्हती. पुढे कळलं की त्या उंदरांत हे एम-एक्स शाबूत होतं.

यात मला फार आवडणारी गोष्ट अशी, की पहिली पेशी बहुधा वाचत नाही. ती हाळी देते तेव्हा चोर तिच्या घरात शिरलेलाच असतो. तिच्या हाळीने वाचतात त्या शेजारणी.

आता हाळी दोन तऱ्हेची असते. एक गल्लीपुरती. तिचं नाव इंटरफेरॉन लॅम्डा, ती २००३ मध्ये सापडली. ती ऐकणारे कान मुख्यतः अस्तराच्या पेशींनाच असतात, म्हणून श्वासाच्या वाटेतच ती काम करते, फारसा गाजावाजा न करता. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. एक दिवस नाक गळतं, घसा खवखवतो, आणि आपण विसरून जातो. विषाणू जास्त असला, हटेना, की दुसरी हाळी मोठी होते, इंटरफेरॉन अल्फा आणि बीटा. तिचे कान शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला असतात. हा गावभर वाजणारा भोंगा. तो वाजला की ताप चढतो, हाडं मोडून येतात, डोकं ठणकतं, अन्न नको होतं, पडून राहावंसं वाटतं.

हे सगळं विषाणूच करतो असं आपल्याला वाटतं. खरं तर त्यातलं पुष्कळसं आपल्याच शरीराचं असतं. याचा पुरावा असा. पूर्वी लिव्हरच्या हेपेटायटिस सी या आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. त्या माणसांच्या अंगात फ्लूचा विषाणू औषधालाही नसायचा, तरी इंजेक्शन घेतल्यावर काही तासांत त्यांना थंडी वाजून ताप यायचा, अंग दुखायचं, अगदी फ्लूसारखं. नुसत्या हाळीने!

तर आजी, ताप आपोआप उतरत नाही. आधी या अस्तराच्या पेशी विषाणूला रोखून धरतात. पाठोपाठ रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात, आणि आठवडाभरात त्या विषाणूच्या मापाची खास हत्यारं, म्हणजे प्रतिपिंडं, तयार होतात. पहिले दोन-तीन दिवस मात्र सगळी भिस्त हाळीवर.

इथवर ऐकून बरं वाटलं असेल. मलाही वर्गात इथवर सांगताना नेहमी बरं वाटायचं. आता पुढचं ऐका.

विषाणूलाही हे सगळं ठाऊक आहे. त्याच्याजवळ एन-एस-वन नावाचं एक प्रथिन आहे, त्याचं मुख्य काम हाळी देणाऱ्या पेशीच्या तोंडावर हात ठेवणं. बिनटोपीच्या चिठ्ठ्या ते झाकतं, राखणदाराला गप्प करतं, पेशीला नवं काही बनवू देत नाही. हाळी उशिरा निघते, दबकी निघते. हाळी निघेपर्यंत विषाणू किती घरं पुढे गेला, यावर आजार साधा की जिवावरचा हे बरंचसं ठरतं. उशिरा निघालेली हाळी मग थांबतही नाही. विषाणू खाली फुफ्फुसात उतरलेला असतो, इंटरफेरॉन वाजतच राहतं, पांढऱ्या पेशींची गर्दी होते, सूज येते. मोडलेलं अस्तर सारवून घ्यायची वेळ आलेली असते, तेव्हा तीच हाळी त्या कामात आड येते. उघड्या पडलेल्या जागेत मग जिवाणू शिरतात. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत अमेरिकेत गेलेल्या सैनिकांच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले नमुने शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले आणि २००८ मध्ये लिहिलं, की बहुतेकांच्या फुफ्फुसांत फ्लूच्या पाठीवरून आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया होता.

काहींची हाळी मुळातच दुबळी असते. फ्रान्समध्ये अडीच वर्षांची एक मुलगी, एरवी चांगली खेळती-खाती, साध्या फ्लूने व्हेंटिलेटरपर्यंत गेली. वाचली पोर. पुढे तपासात दिसलं की इंटरफेरॉन बनवण्यासाठी लागणारं आय-आर-एफ-सेव्हन नावाचं जनुक तिच्यात दोन्ही बाजूंनी बिघडलेलं होतं, एक बिघाड आईकडून, एक बापाकडून. आईबाप दोघंही ठणठणीत, कारण त्यांच्याजवळ एकेक चांगली प्रत होती. संशोधकांनी तिच्या पेशींपासून प्रयोगशाळेत फुफ्फुसाच्या अस्तरासारख्या पेशी वाढवल्या, तर त्यांच्यातही हाळी कमी आणि विषाणू जास्त. हे २०१५ मध्ये छापून आलं. ते वाचताना माझ्या मनात आलं, ही पोर आपल्याकडे जन्मली असती तर तिच्या आईला काय काय ऐकावं लागलं असतं. बाहेरचं लागलं, आईचा पाय वाईट, डोहाळ्यांत नको ते खाल्लं. हा चिठ्ठीतला बिघाड आहे बायांनो, आणि तो असा क्वचितच असतो.

क्वचित नसलेल्या गोष्टीही आहेत. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या नाकातल्या पेशी काढून त्यांना फ्लू दिला, तर त्यांची हाळी न ओढणाऱ्यांपेक्षा कमी निघते. चुलीच्या धुराने ते बारीक केस आणि अस्तर दुखावतं, त्या घरांतल्या लहान मुलांना न्यूमोनिया जास्त होतो. आणि गरोदरपण. पोटातलं बाळ अर्धं परक्याचं असतं, ते अंगाने स्वीकारावं म्हणून बाईच्या शरीराचा पहारा थोडा बदलतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी गरोदर बायकांच्या रक्तातल्या पेशींना फ्लूचा विषाणू देऊन पाहिला, तेव्हा इंटरफेरॉन कमी निघालं. त्यात पोट वर सरकून फुफ्फुसाला जागा कमी आणि हृदयाला काम जास्त. २००९ च्या साथीत जगभर हेच दिसलं, इतर बायकांपेक्षा गरोदर बायका जास्त गंभीर झाल्या.

आता घरचं सांगते. जिचं आहे तिला विचारून सांगते आहे. ती म्हणाली, "सांगा ताई, फक्त नाव नका घेऊ."

२०१५ चा फेब्रुवारी. स्वाइन फ्लूची साथ जोरात होती. माझ्या धाकट्या जावेला सहावा महिना सरत आला होता. सकाळी म्हणाली, "ताई, अंग मोडून आलंय." हात लावला तर ताप. मी काय म्हणाले? "व्हायरल असेल, तीन-चार दिवसांत उतरेल. पाणी पीत राहा." सूक्ष्मजीवशास्त्राची बाई मी! त्याच आठवड्यात फळ्यावर इंटरफेरॉनची आकृती काढून आले होते. सासूबाई म्हणाल्या, मोठी म्हणते तर राहू दे. दुसऱ्या दिवशी दीर तिला जवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा सलाइन. चौथ्या दिवशी ताप उतरला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तिने दोन घास भात खाल्ला. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती मला काहीतरी सांगत होती आणि दोन शब्द बोलली की थांबायची. दोन शब्द, श्वास, दोन शब्द, श्वास. नखं निळसर दिसली. तेव्हा मला कळलं.

जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती. बाळ तिसऱ्या दिवशी गेलं, पोटातच. मुलगी होती. जाऊ वाचली, घरी आली. जिना चढायला तिला पुढे सहा महिने लागले.

तिने मला कधी बोल लावला नाही. माझं मला माहीत आहे. आपोआप उतरेल हे वाक्य दहातल्या नऊ जणांसाठी खरं असतं, आणि मी ते चुकीच्या माणसाला सांगितलं.

म्हणून हे नीट ऐका, आणि शेजारणीला सांगा. सलाइनने विषाणू मरत नाही. पाणी कमी पडलं असेल, पोटात काही ठरत नसेल, तर सलाइन कामाचं, एरवी नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. मागून जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तर चालतं, ते डॉक्टरांनी छाती तपासून ठरवायचं. काढा, हळदीचं दूध, वाफ यांनी घशाला आराम पडतो, जरूर घ्या. टीव्हीवर ज्या इम्युनिटी वाढवणाऱ्या पुड्या दाखवतात त्यांवर मात्र गटाचे पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. लहान मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नका.

फ्लूवर औषध आहे, ओसेल्टामिव्हिर. नव्याने तयार झालेल्या विषाणूंना ते पेशीपासून सुटू देत नाही. हाळी दबकी असली तरी चोर पुढच्या घरात जात नाही, असं समजा. ताप सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा गुण सर्वांत चांगला. उशीर झाला तरी गंभीर माणसाला ते देतातच. गरोदर बाईलाही देता येतं. पण ते डॉक्टरांच्या सांगण्यानेच घ्यायचं, किराणा दुकानातून मागवायचं नाही.

दोन दिवसही वाट बघायची नाही अशी माणसं कोणती? गरोदर बाई आणि दोन आठवड्यांच्या आतली बाळंतीण. पाच वर्षांखालचं मूल, त्यातही दोन वर्षांखालचं. पासष्टच्या पुढचे म्हातारे. साखरेचा, दम्याचा, हृदयाचा, किडनीचा आजार असलेले. यांना ताप-खोकला आला की पहिल्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, आणि तिथे तोंडाने म्हणायचं, "हिला सहावा महिना आहे, फ्लू तर नाही ना?" विचारायला लाजू नका.

बाकी कुणीही असो, धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त आलं, ओठ-नखं निळी पडली, माणूस गुंगीत गेलं, बाळ अंगावर पिईना, तर रात्र असली तरी निघायचं. १०८ ला फोन करा. आणि ताप एकदा उतरून पुन्हा चढला किंवा उतरल्यावर धाप लागली, तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका. आमच्या घरी आम्ही तेच समजलो होतो.

लसीबद्दल. हाळीला आठवण नसते, दर वेळी ती नव्याने द्यावी लागते. लस त्या विषाणूच्या मापाची हत्यारं आधीच तयार करून ठेवते. विषाणू रूप बदलतो म्हणून लस दर वर्षी घ्यावी लागते, आणि टोचल्यावर गुण यायला दोनेक आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि कधी कधी जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो, म्हणून पाऊस लागायच्या आधी घेतलेली बरी. गरोदर बाईने घेतली तर जन्मणाऱ्या बाळालाही पहिले काही महिने आईकडून संरक्षण मिळतं, कारण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यात ती मोफत देण्याची सोय केलेली आहे. जाण्याआधी आशाताईंना विचारून जा, साठा आहे का. नसेल तर कधी येणार हेही विचारा, आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा.

त्या दिवशी चहा पिताना आजी सांगत होत्या की त्यांच्या नातसुनेला पाचवा लागलाय. आजी, ऐकत असाल तर सोमवारी तुमच्या उपकेंद्रात सिस्टर येतात. तिला घेऊन जा.